इंजिन बसले, जबाबदार कंपनी की आपण?

पेण-रोहा भागात आता बैलगाडी शोधावी लागते. पण पिकअप नाही किंवा छोटा टेम्पो नाही असे गाव सापडणे कठीण. कोणी भाजीसाठी गाडी घेतो, कोणी भात गिरणीवर नेण्यासाठी, तर कोणी गणपतीच्या हंगामात मूर्ती पोचवण्यासाठी. ज्याचे जरा बरे चालले आहे त्याच्या अंगणात मोटारही उभी असते. यातल्या बहुतेक गाड्या कर्जाच्या. अशी गाडी वर्ष-दीड वर्षात वाटेतच बंद पडते, इंजिन बसते आणि कंपनीकडून उत्तर येते की, सदर बिघाड हा उत्पादनातील दोष नसून वापरातील निष्काळजीपणामुळे झालेला आहे, सबब तो वॉरंटीत बसत नाही. दुरुस्तीचा आकडा ऐकून माणसाच्या पोटात गोळा येतो. इकडे हप्ता काही थांबत नाही.

मी कृषी पदविका घेतलेला विस्तार अधिकारी आहे, मिस्त्री नव्हे. पण बियाण्याची तक्रार घेऊन आलेला शेतकरी जाता जाता पिशवीतून गाडीचेही कागद काढतो आणि विचारतो, "साहेब, यात काय करता येईल?" अशी कागदपत्रे पाहता पाहता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कंपनी जबाबदार आहे की नाही, याचा निकाल अलिबागला ग्राहक आयोगात लागतो हे खरे. पण तो कोणत्या बाजूने लागणार हे बहुतेक वेळा पहिल्या आठ दिवसांत, वर्कशॉपमध्येच ठरून जाते. तिथे आपण गप्प बसलो तर पुढे वकील कितीही चांगला दिला तरी ते वरातीमागून घोडे.

एक उदाहरण देतो. गावाचे आणि गाडीचे नाव देत नाही. रामवाडीच्या आसपासच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याची पिकअप सातव्या महिन्यात वडखळच्या पुढे बंद पडली. क्रेनने वर्कशॉपला नेली. दोन दिवसांनी फोन आला की इंजिन खोलले आहे, ऑईल चेंबरला खालून मार बसला आहे, ऑईल गळून गेले आणि बेअरिंग धरले. बाहेरचा मार असल्याने वॉरंटी नाही. हा म्हणतो, "खड्ड्यात गाडी आपटली असेल, नाही म्हणत नाही. पण त्यानंतर मी चार दिवस गाडी चालवली, ऑईलचा थेंब अंगणात पडला नव्हता." खरे असेल. पण चेंबरचा तो पोचा खड्ड्यातला, क्रेनवर चढवतानाचा की वर्कशॉपमधला, हे आता कोण सांगणार? इंजिन त्याच्या माघारी खोललेले. गाडी उचलण्यापूर्वीचा फोटो नाही. गाडी ताब्यात देतानाच्या जॉब कार्डाची प्रत नाही. निघालेले भाग कुठे गेले ते ठाऊक नाही. शेवटी बायकोची पाटली गहाण ठेवून त्याने बिल भरले आणि गाडी सोडवली. त्या प्रकरणात कंपनीची चूक होती असे मी म्हणत नाही. चूक कोणाची होती हे कळण्याचा मार्गच बंद झाला, एवढेच माझे म्हणणे आहे.

बियाण्याला जे लावता ते इंजिनाला लावा

भाताचे बियाणे उगवले नाही तर आपण काय करतो? पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि दुकानाची पावती जपून ठेवतो. तालुका स्तरावरच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज देतो. समिती शेतावर येते, पाहणी करते, पंचनामा होतो. समिती येण्याआधीच शेत नांगरून टाकले तर तक्रारीत काही उरत नाही, हे आज लहान पोरालाही माहीत आहे. इंजिन तुमच्या माघारी खोलू देणे म्हणजे पंचनाम्याआधी शेत नांगरण्यासारखेच आहे.

उलट बियाण्यात कायद्याने थोडी सवलत दिली आहे. २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शेतकरी सगळे बियाणे पेरून टाकतो, तपासणीसाठी नमुना बाजूला ठेवेल अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही. इंजिन मात्र लोखंड-अॅल्युमिनियमचे. ते जमिनीत कुजत नाही, जसेच्या तसे ठेवता येते. त्यामुळे नमुना हरवला ही सबब इथे चालणे कठीण.

इंजिन कशाने जाते

आता जरा मनावर घेऊन वाचा, कारण कंपनी नेमकी इथेच बोट ठेवते.

पहिला शत्रू पाणी. आपल्याकडे अंबा, भोगावती कधी रस्त्यावर येतील नेम नाही. २४ जुलै १९८९ला जांभुळपाडा-नागोठण्याने काय भोगले ते जुनी माणसे अजून सांगतात, आणि २६ जुलै २००५ तर सगळ्यांच्याच आठवणीत आहे. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबई-रायगडात असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. इंजिन हवा ओढते आणि दाबते. डिझेल इंजिनात ती साधारण सोळाव्या-सतराव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. हवेच्या जागी पाणी आले तर पाणी दबत नाही. मग पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड आणि एअर फिल्टरमध्ये पाण्याची खूण, एवढे सापडले की कंपनीविरुद्धचा दावा जवळजवळ संपलाच. यात खरी गोम अशी की गाडी नुसती पाण्यात उभी राहिली, इंजिन बंद होते, तर रॉड वाकत नाही. तो वाकतो पाण्यातून गाडी रेटताना किंवा पाणी ओसरल्यावर "बघू या सुरू होते का" म्हणून चावी फिरवली तेव्हा. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करू नका, ओढून न्या. साधा विमाही अशा वेळी हात वर करतो, कारण यांत्रिक बिघाड आणि मागाहून ओढवलेले नुकसान तो धरत नाही. 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचे वेगळे कलम जादा हप्ता भरून घेता येते. नदीकाठच्या लोकांनी ते घ्यावेच, असे माझे मत आहे.

दुसरा शत्रू आपला महामार्ग. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. पुढे किती पावसाळे गेले आणि किती चेंबर फुटले याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. चेंबरला दगड लागला, ऑईल गळाले आणि ऑईलचा लाल दिवा लागूनही "गावापर्यंत जाऊ" म्हणून गाडी हाकली की बेअरिंग धरते. दिवा लागला की जागच्या जागी इंजिन बंद करायचे. त्या दोन किलोमीटरची किंमत लाखात जाते.

खारेपाटातल्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे मचूळ पाणी ओतण्याची आपली जुनी सवय आहे. मिठाने आतून गंज आणि थर धरतो, इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते. पुस्तिकेत लिहिलेले कूलंटच टाका आणि त्याचे बिल ठेवा. पेट्रोल गाडीवाल्यांनीही पुस्तिका उघडून पाहावी. देशभर पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. उसाच्या पट्ट्यातल्या आपल्या भावांना त्याचा फायदा आहे, चांगलेच आहे. पण जुन्या गाडीच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच लिहिले असेल तर वॉरंटीचे काय, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. तोंडी "काही होत नाही" याला अर्थ नाही.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराड्याला काजळी पकडणारी गाळणी असते. ती काजळी जाळून साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग आणि वेगात चालावी लागते. आपली गाडी मात्र घर ते शेत, शेत ते बाजार. गाळणी तुंबते, साफसफाईसाठी सोडलेले जादा डिझेल ऑईलमध्ये उतरते, ऑईल पातळ होते. कंपनी म्हणते, तुम्ही गाडी चुकीची चालवली. इथे मात्र मी शेतकऱ्याच्या बाजूने बोलेन. गाडी विकताना विक्रेत्याला ठाऊक असते की ही गाडी खेड्यात चालणार. ही गोष्ट त्याने सांगितली होती काय? सूचना होती ती इंग्रजी पुस्तिकेच्या कुठल्या तरी पानावर. "मला हे विकताना सांगितले नाही" हा मुद्दा तक्रारीत जरूर लिहा.

मग कंपनीचा दोष कधी समजायचा? रॉड सरळ आहे, फिल्टर कोरडा आहे, चेंबरला मार नाही, ऑईल पुरेसे होते, सर्व्हिसिंग वेळेवर झाले, आणि तरीही ऑईल पंप बंद पडला, पिस्टनला तडा गेला किंवा टायमिंग चेन सरकली, तर संशयाची सुई कारखान्याकडे वळते. एकाच तक्रारीसाठी गाडी तीन-चार वेळा वर्कशॉपला गेली असेल तर ती जॉब कार्डे म्हणजे तुमचा मोठा साक्षीदार. शिवाय आपल्या मॉडेलच्या गाड्या कंपनीने परत बोलावल्या आहेत काय, हे चॅसिस नंबर देऊन विचारा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या ११०अ कलमाने दोष असलेल्या गाड्या परत घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे.

न्यायालयांनी काय म्हटले

पुष्कळांची समजूत अशी की इंजिन गेले म्हणजे कंपनीने नवी गाडी दिलीच पाहिजे. तसे नाही. मारुतीच्या एका गाडीच्या क्लचच्या तक्रारीत खालच्या आयोगांनी गाडी बदलून देण्याचा आदेश दिला होता. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि सांगितले की वॉरंटीत कंपनीने सदोष भाग बदलून देण्याचे कबूल केलेले असते, सबंध गाडी नव्हे. फिएट इंडियाच्या २०१० सालच्या प्रकरणात तर वाद इंजिनाचाच होता. कंपनीने इंजिन बदलून दिले, ग्राहकाने गाडी परत घेण्यास नकार दिला आणि पैसे मागितले. मूळचा उत्पादन-दोष सिद्ध झाल्याशिवाय पूर्ण पैसे मिळणार नाहीत, असे न्यायालय म्हणाले; पण गाडी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासा आणि तसा दोष निघाला तर पैसे परत करा, हेही सांगितले. म्हणजे सगळे तज्ज्ञाच्या अहवालावर येऊन थांबते.

आपल्या शेजारच्या गोव्यातले प्रकरण तर प्रत्येकाने लक्षात ठेवावे. ग्राहकाने पैसे नव्या बनावटीच्या गाडीचे मोजले, हाती आली २००९ सालची आणि आधीच काही शे किलोमीटर चाललेली. दावा विक्रेता आणि टाटा मोटर्स या दोघांवर. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला सोडले, कारण विक्रेत्याच्या या कृत्याची कंपनीला माहिती होती असे सिद्ध झाले नव्हते आणि दोघांमधला करार स्वतंत्र व्यापाऱ्यांसारखा होता. विक्रेता मात्र सुटला नाही. तेव्हा तक्रारीत दोघांनाही सामील करा आणि कोणाची चूक कोणती, हे वेगवेगळे लिहा. इंजिनाचा दोष कारखान्याचा. आठ दिवस गाडी पावसात उघडी ठेवली, भाग हरवले, ही चूक विक्रेत्याची. सरसकट "दोघांनी मिळून फसवले" असे लिहिलेले टिकत नाही.

निकाल नेहमी कंपनीच्याच बाजूने जातात असेही समजू नका. ह्युंदाईच्या गाडीच्या अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत, त्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. धडकेचा वेग आणि जोर यांचे गणित मांडून दाखवणे हे ग्राहकाचे काम नाही, असा त्यातला सूर आहे. मात्र एअरबॅग उघडली नाही हे कोणालाही दिसते. इंजिन आतून का बसले हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून त्या निकालाच्या भरवशावर तज्ज्ञाचा अहवाल टाळू नका.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'उत्पादन दायित्व' नावाचे नवे प्रकरण आले, तेव्हा आता कंपन्यांची खैर नाही असे बरेच जण बोलू लागले. तो कायदा नीट वाचला तर त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येत खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान धरलेले नाही. इंजिनाच्या दोषाने आग लागून गोठा जळाला, माणूस भाजला, तर ते प्रकरण लागू होईल. नुसते इंजिन बसले तर तक्रार साध्या 'सदोष वस्तू'ची आणि वॉरंटीची होते. त्यातही आयोग दोष दूर करणे, वस्तू बदलणे, किंमत परत करणे आणि भरपाई देणे असे आदेश देऊ शकतो. अर्जावर चुकीचे कलम टाकून वर्ष वाया घालवू नका.

आणखी एक प्रश्न हमखास येतो. गाडी धंद्यासाठी घेतली, मग मी ग्राहक कसा? १९९३ साली कायद्यात घातलेले स्पष्टीकरण २०१९च्या कायद्यातही आहे: स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी कामासाठी' धरली जात नाही. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणाऱ्याचे उदाहरण दिले आहे. मदतीला एक-दोन माणसे असली तरी हरकत नाही. पण चार गाड्या आणि चार पगारी ड्रायव्हर असतील तर अडचण येईल. "ही गाडी मी स्वयंरोजगारासाठी, उपजीविकेसाठी घेतली आहे" हे वाक्य अर्जात लिहायलाच हवे.

पहिले आठ दिवस

गाडी बंद पडली की जागेवरच फोटो काढा: मीटर, पेटलेले दिवे, गाडीची खालची बाजू, जमिनीवर ऑईल आहे की नाही. ऑईलची डिपस्टिक काढून तिचाही फोटो घ्या. क्रेनवर चढवण्यापूर्वी आणि उतरवल्यावर पुन्हा. वर्कशॉपमध्ये जॉब कार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्या आणि प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. त्याच दिवशी एक पत्र द्या, मराठीत चालते: "माझ्या हजेरीशिवाय इंजिन खोलू नये. खोलण्याची तारीख व वेळ लेखी कळवावी. निघालेले सर्व भाग जपून ठेवावेत." पोच घ्या. तीच प्रत कंपनीला रजिस्टर पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा. नव्या गाड्यांच्या संगणकात बिघाडाच्या नोंदी राहतात. कोणता दिवा लागला, त्या वेळी इंजिन किती तापले होते, असे काही त्यात मिळू शकते. ती नोंद पुसण्याआधी तिची छापील प्रत मागा. खोलताना आपल्या विश्वासाचा मिस्त्री सोबत न्या. "सही करा, मग काम सुरू करतो" असा कागद पुढे आला तर वाचून, "हक्क राखून" असे लिहूनच सही करा.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही एक विनंती. पुरात गाव सापडले की घरांचे, भाताचे, गुरांचे पंचनामे होतात. पाण्यात उभ्या असलेल्या गाड्यांची नोंद अनेकदा राहून जाते. तलाठी भाऊसाहेबांनी, म्हणजे नव्या नावाप्रमाणे ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, गाडीचा नंबर, पाणी कुठवर आले होते आणि गाडी बंद अवस्थेत उभी होती काय, एवढे तीन मुद्दे लिहिले तरी विम्याच्या दाव्यात त्याचे वजन पडते. २४ डिसेंबरच्या ग्राहक दिनाला शाळेत भाषणे होतात. त्या दिवशी एखादे जॉब कार्ड आणि वॉरंटीचे पुस्तक लोकांसमोर वाचले तर जास्त उपयोग होईल, असे आपले मला वाटते.

अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात गाडीची मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार करता येते. कंपनीचे ऑफिस चेन्नईला असो की गुरगावला, आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात दावा लावण्याची सोय २०१९च्या कायद्याने झाली आहे. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. वकील दिलाच पाहिजे असे नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. काही प्रकरणे तिथेच मिटतात. आयोगात गेल्यावर इंजिनाची तपासणी योग्य प्रयोगशाळेकडून करावी, असा अर्ज पहिल्या तारखेलाच द्या. त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो, तेवढी तयारी ठेवा. कायद्याने तपासणी असलेली तक्रार पाच महिन्यांत निकाली निघावी. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. तोवर गाडी वर्कशॉपमध्ये अडकून राहू नये म्हणून तपासणी लवकर उरकून इंजिन दुरुस्त करण्याची परवानगी आयोगाकडे मागता येते, आणि हप्ते चालू असलेल्याने ती मागावीच.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. "आपले प्रकरण विचाराधीन आहे" अशी पत्रे कंपनीकडून येत राहिली म्हणून ती वाढत नाही. पहिल्या लेखी नकाराची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तो नकार ज्या पाकिटातून आला ते शिक्क्याचे पाकीटही टाकू नका.